सावली, पाणी आणि पंगत
उन्हाळ्यातील एक अभ्यास

पाठाचे शास्त्रभाग : उत्पत्ति 18:1–8, योहान 4:5–42, प्रेषितांची कृत्ये 10:9–23.



होळी पेटून विझली, रब्बीची ज्वारी खळ्यातून घरात आली, आणि निंबाने जुनी पाने टाकून नवी पालवी व बारीक पांढरा मोहर धरला, म्हणजे देशावरील आमच्या खेड्यापाड्यांत उन्हाळा बसला असे समजावे. मग दहा वाजण्याच्या सुमारास रस्ते ओस पडू लागतात. विहिरीचे पाणी दिवसेंदिवस खाली जाते. गुरे झाडाच्या सावलीबरोबर सरकत राहतात. अशा ह्या ऋतूविषयी कुरकुर करणे सोपे आहे. परंतु पवित्र शास्त्र आपणांस सांगते की, उन्हाळा व हिवाळा ही दोन्ही देवानेच निर्माण केली (स्तोत्र 74:17), आणि जलप्रलयानंतर त्याने जे अभिवचन दिले त्यात उन्हाळ्याचेही नाव आहे (उत्पत्ति 8:22). जे देवाने दिले त्यात काही तरी गोडी असलीच पाहिजे. ती गोडी कोणती, व तिजबरोबर आपणांवर कोणते कर्तव्य येते, ह्याचा विचार ह्या पाठात करू.

उन्हाळ्याची गोडी कशात आहे?

ही गोडी उन्हात नाही हे उघड आहे. ती ह्यात आहे की, ऊन माणसांस एकत्र आणते. थंडीत मनुष्य आपल्या घोंगडीत शिरतो. पावसाळ्यात तो आपल्या शेतात गुंततो. उन्हाळ्यात मात्र तो दाराबाहेर येतो. दुपारी वडाच्या पारावर चार म्हातारे बसतात. संध्याकाळी अंगणात पाण्याचा सडा पडतो, व रात्री बाजा अंगणात किंवा धाब्यावर येतात. मग ह्या घरचे बोलणे त्या घरी ऐकू जाते, आणि शेजाऱ्याचे मूल कोणाच्याही बाजेवर झोपी जाते.

स्त्रियांची कामेही ह्या दिवसांत एकीने होतात. कुरडयांकरिता गहू तीन दिवस भिजत घालावे लागतात, मग ते वाटून त्यांचा चीक काढून शिजवावा लागतो. हे एकटीचे काम नव्हे. म्हणून आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या, अशी पाळी लागते. शेवया, पापड व सांडगे ह्यांचेही तसेच. ह्या परस्पर साहाय्यास आमच्याकडे सावड म्हणतात. पुरुषांमध्ये इर्जिक म्हणून एक चाल होती. ज्याचे नांगरणीचे काम अडले असेल त्याच्या शेतात दहा शेजारी आपापली औते घेऊन जात, व एका दिवसात रान उलटून टाकीत. शेताच्या धन्याने त्यांस पोटभर जेवण द्यावे एवढीच मजुरी. ट्रॅक्टर आल्यापासून ही चाल पुष्कळ ठिकाणी मागे पडली आहे, तरी तिची आठवण राखून ठेवण्याजोगी आहे.

ह्याशिवाय चैत्रातल्या जत्रा, लग्नसराई, कैरीचे पन्हे, नदीच्या वाळूतली कलिंगडे, तालुक्याच्या गावी रसवंतीच्या चरकास बांधलेल्या घुंगरांचा नाद, आणि शाळा सुटताच पुण्यामुंबईहून मामाच्या गावी आलेली मुले ही सर्व उन्हाळ्याचीच देणगी आहे. लहान गावांस जे सुख आहे ते मोठ्या नगरांत पैसा देऊनही मिळत नाही.

येथे उपदेशक बंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पालेस्तिनातील उन्हाळा व आपला उन्हाळा ह्यांत भेद आहे. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो, गव्हाची कापणी उन्हाळ्याच्या आरंभी होते, आणि अंजीर व द्राक्षे उन्हाळ्यात पिकतात. म्हणून मुंगी उन्हाळ्यात अन्न साठविते असे नीतिसूत्रांत वाचून (6:6–8) आपल्या श्रोत्यांस नवल वाटते. कारण आपले रान तेव्हा उघडे असते. परंतु अर्थ एकच आहे. आपल्या गावीही हा साठवणीचा व डागडुजीचा काळ आहे. सरपण व गोवऱ्या रचणे, छपरे शाकारणे, विहिरीतला गाळ काढणे ही कामे मृगाच्या पावसाआधी उरकावी लागतात. ज्यास फुरसत आहे त्यास वेळेचा हिशेबही द्यावयाचा आहे.

आता शास्त्रातील मध्यान्हीचे तीन प्रसंग पाहू. तिन्ही वेळी ऊन डोक्यावर आहे, आणि तिन्ही वेळी कोणी तरी परका समोर येतो.

पहिला प्रसंग : सावली

अब्राहाम मम्रे येथे भर उन्हाच्या वेळी आपल्या तंबूच्या दारात बसला होता. त्याने डोळे वर करून पाहिले तो तीन पुरुष उभे. तो म्हातारा त्यांस भेटावयास धावत गेला. त्याने त्यांस पाय धुण्यास पाणी देऊ केले व झाडाखाली टेकण्यास विनंती केली. थोडीशी भाकर आणतो असे तो म्हणाला, परंतु प्रत्यक्षात तीन मापे सपीठ मळावयास सांगितले, कोवळे वासरू रांधविले, दही व दूध पुढे ठेविले, आणि पाहुणे जेवीत असता आपण झाडाखाली त्यांच्याजवळ उभा राहिला. बोलण्यात थोडे व देण्यात पुष्कळ, ही खऱ्या यजमानाची खूण आहे.

लक्षात घ्या की, ते कोण आहेत हे अब्राहामास आधी ठाऊक नव्हते. त्याने त्यांचे गाव विचारले नाही, कूळ विचारले नाही. उन्हात उभा असलेला मनुष्य एवढीच ओळख त्यास पुरे झाली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात (13:2) अतिथिसत्काराचा जो बोध आहे त्यास ह्याच गोष्टीचा आधार आहे.

आमच्या गावांच्या वाटेने उन्हाळ्यात कोण जातात? ऊसतोडीचा हंगाम संपवून बायकापोरांसह घरी परतणारी कुटुंबे जातात. मेंढरांचे कळप घेऊन धनगर बंधू जातात. वीटभट्टीवर राबणारे असतात. आणि गावाबाहेर पाल ठोकून राहिलेली पारधी किंवा वडार कुटुंबे असतात, ज्यांजकडे गाव पुष्कळदा संशयाने पाहते. आमच्या देवालयाच्या आवारात निंब आहे, चिंच आहे. त्या सावलीत त्यांतील कोणी बसला तर आपण त्यास पाणी विचारतो की येथून ऊठ म्हणतो? सावली झाडाची आहे, व झाड देवाचे आहे. आपण केवळ राखणदार आहो.

दुसरा प्रसंग : पाणी

सूखार गावाजवळ याकोबाची विहीर होती. प्रभु येशू वाटेने थकून त्या विहिरीवर बसला. वेळ सहाव्या ताशी, म्हणजे दुपारी बारा वाजण्याच्या सुमाराची. तो उन्हाळाच होता असे योहान सांगत नाही. परंतु मध्यान्ह होती, प्रवास झाला होता, आणि तहान खरी होती. तेव्हा एक शोमरोनी स्त्री घागर घेऊन एकटीच आली. ती अशा वेळी का आली हेही शास्त्र सांगत नाही, म्हणून तिजवर आपण आपल्या कल्पनेचे दोष लादू नयेत. जे लिहिले आहे तेच पुरेसे आहे. यहूदी व शोमरोनी ह्यांचा व्यवहार नव्हता, आणि तरीही प्रभूने तिजपाशी पाणी मागितले.

बंधुजनहो, ह्या मागण्याचा अर्थ आपल्याइतका कोणास कळणार? त्याच्याजवळ पोहरा नव्हता. तो प्याला असता तर तिच्याच भांड्याने प्याला असता. ज्या भांड्याचा विटाळ त्याच्या लोकांनी मानिला असता, ते भांडे त्याने आपण होऊन मागितले. दान देण्याआधी तो याचक झाला. उपदेश करावयास जाणाऱ्याने हे शिकावे. ज्याच्या घरचे पाणी आपण पीत नाही, त्यास जीवनाचे पाणी देऊ करणे व्यर्थ आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्यापणज्यांनी विहिरीच्या काठावर दूर उभे राहून, कोणी तरी दया करून वरून पाणी ओतील म्हणून घागर खाली ठेवून वाट पाहिली आहे. उन्हाळ्यात ही वाट पाहणे सर्वांत लांब होत असे, कारण पाणी कमी व गर्दी अधिक. हे दुःख दूर व्हावे म्हणून ह्या प्रांतात ज्यांनी श्रम केले त्यांची नावे आपल्या मुलांस ठाऊक असावीत. जोतीराव फुले ह्यांनी 1868 साली पुण्यास आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादुर सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मंजूर झाला की, सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावेत. त्यास अनुसरून 1924 साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले ठरविले; परंतु ठराव कागदावर राहिला. मग उन्हाळा लागत असताना, 20 मार्च 1927 रोजी, डॉ. भीमराव आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्यावर गेले व ओंजळीने पाणी प्याले. त्यावर मारहाण झाली, तळे शुद्ध करून घेण्यात आले, आणि खटला चालला. शेवटी 1937 साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. 26 जानेवारी 1950 रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या 15व्या कलमाने विहिरी, तळी व स्नानाचे घाट ह्यांच्या वापरात जातीवरून कोणासही अटकाव करता येत नाही, आणि 17व्या कलमाने अस्पृश्यताच नाहीशी केली.

एका ओंजळीकरिता इतकी वर्षे लागली. ज्यांच्या पूर्वजांनी ही तहान सोसली, त्यांच्या हाती आज विहिरीची किल्ली असेल तर त्यांनी ती कशी वापरावी? इस्राएल लोकांस देवाने वारंवार आठवण दिली की, तुम्ही मिसरात परके होता, म्हणून परक्यावर प्रीती करा (अनुवाद 10:19 पाहा). आठवण कडू असली तरी तिचे फळ गोड असावे अशी देवाची इच्छा आहे.

इसहाकाचेही चरित्र वाचा (उत्पत्ति 26:17–22). त्याच्या चाकरांनी विहीर खणली, भांडण झाले. दुसरी खणली, पुन्हा भांडण झाले. त्याने तिसरी खणली, तेव्हा भांडण मिटले, व त्याने तिचे नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा, असे ठेविले. सामाईक विहिरीवरील मोटारीच्या पाळीवरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, आणि रविवारी एकाच देवालयात दोन बाजूंस तोंडे करून बसतात, हे दृश्य आमच्या मंडळ्यांत अपरिचित नाही. वैशाखात पाणी आटते तेव्हा मने मोठी करावी लागतात. नाही तर विहिरीआधी मंडळी कोरडी पडते.

त्या शोमरोनी स्त्रीचा शेवट पाहा. ती आपली घागर तेथेच टाकून गावात गेली, व तिच्या सांगण्यावरून सर्व गाव विहिरीवर आले. लोकांनी प्रभूस आग्रह केला, आणि तो तेथे दोन दिवस राहिला. दुपारी एका स्त्रीबरोबर सुरू झालेले बोलणे अशा रीतीने एका गावाचे सुख झाले.

तिसरा प्रसंग : पंगत

पेत्र यापो येथे शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा धंदा यहूदी लोकांत हलका मानीत; तरी प्रेषित त्याच्या घरी राहिला. दुपारच्या वेळी तो प्रार्थनेकरिता धाब्यावर गेला. त्या देशातील घरांस आमच्या जुन्या धाब्याच्या घरांप्रमाणे सपाट छप्पर असे. त्यावर माणसे बसत, निजत व बोलत. म्हणूनच मोशेच्या नियमशास्त्रात नव्या घराच्या धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे, की कोणी पडून रक्तपाताचा दोष घरावर येऊ नये (अनुवाद 22:8). शेजाऱ्याच्या जिवाची काळजी घर बांधतानाच घ्यावयाची असते.

पेत्रास भूक लागली होती व खाली स्वयंपाक होत होता. तेव्हा त्यास दर्शन झाले. ज्यास देवाने शुद्ध केले त्यास अपवित्र मानू नये हा बोध त्यास तीन वेळा झाला. इतक्यात कर्नेल्याने पाठविलेली तीन माणसे दाराशी आली. दोघे चाकर व एक शिपाई, आणि सर्व परराष्ट्रीय. पेत्राने काय केले? त्याने त्यांस घरात घेऊन पाहुणचार केला. कैसरियात कर्नेल्याच्या घरी मोठा उपदेश झाला हे आपण नेहमी सांगतो; परंतु त्याआधी यापोत एक रात्र पाहुणचार झाला हे विसरतो. उपदेशाची वाट पंगतीवरून गेली.

हाच पेत्र पुढे अंत्युखियास चुकला. परराष्ट्रीय बंधूंबरोबर तो जेवीत असे; पण काही लोक आल्यावर त्यांच्या भीतीने तो मागे सरला, व बर्णबाही त्या ढोंगात ओढला गेला. पौलाने त्यास सर्वांदेखत दोष दिला (गलती. 2:11–14). दर्शन झालेला मनुष्यही पंगतीवरून उठू शकतो, हे शास्त्राने लपवून ठेविले नाही. आमच्या मंडळ्यांत एकाच प्रभूच्या मेजाशी येणारे लोक लग्नाच्या मांडवात जुन्या जातीच्या रेघेने वेगळे बसतात काय? सोयरीक करताना बाप्तिस्म्याआधीचे कूळ शोधतात काय? लग्नसराई जवळ आली असता हे प्रश्न टाळता येत नाहीत.

ह्याउलट चांगली उदाहरणेही आहेत. पंडिता रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतांतून निराधार मुली व स्त्रिया आणून त्यांस आश्रय दिला, आणि केडगावचे मुक्तिसदन त्यांचे घर झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी 1917 साली सातारा येथे ‘देवाचा दरबार’ आरंभिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा होती. 1972 चा दुष्काळ पाहिलेली वडील माणसे अद्याप आपल्यामध्ये आहेत. कामावर खडी फोडलेले हात व तेव्हा वाटली जाणारी सुकडी त्यांस आठवते. त्या उन्हाळ्यात कोणी कोणास भाकर दिली हे त्यांस विचारा, व तरुणांस ऐकू द्या. ती मंडळीच्या पुस्तकात न लिहिलेली साक्ष आहे.

एक इशारा

आमोस संदेष्ट्याने उन्हाळ्याच्या पिकलेल्या फळांची टोपली पाहिली (8:1–2). इब्री भाषेत उन्हाळ्याचे फळ व शेवट ह्या दोन शब्दांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे. म्हणून टोपली दाखवून देवाने आपल्या लोकांचा शेवट जवळ आल्याचे सांगितले. कारण काय? ते गरिबांस तुडवीत, माप लहान करीत व तराजू खोटे ठेवीत. ह्याच संदेष्ट्याने श्रीमंतांची हिवाळ्याची व उन्हाळ्याची निरनिराळी घरे मोडतील असेही सांगितले (3:15). फळांची गोडी हे पाप नव्हे. गोडी एकट्याने चाखणे व शेजाऱ्यास उन्हात ठेवणे हे पाप होय. आमरसाच्या वाटीवर आभार मानताना हे ध्यानात असू द्यावे.

मंडळीने ह्या उन्हाळ्यात काय करावे?

पहिले, देवालयाच्या दाराशी एक पाणपोई ठेवावी. दोन रांजण, ओले फडके, स्वच्छ ओगराळे, व रोज पाणी भरणाऱ्यांची पाळी. ह्यास फार पैसा लागत नाही. तेथे पिणाऱ्यास नाव किंवा धर्म विचारू नये. दुसरे, दुपारची सभा सोडून चांदण्यात अंगणातील प्रार्थना व कीर्तन करावे. ती दर आठवड्यास निराळ्या घरी असावी, व पहिली पाळी ज्या घरी कोणी जात नाही त्या घराची असावी. तिसरे, पावसाआधी मंडळीतील विधवेचे किंवा आजाऱ्याचे छप्पर सावडीने नीट करून द्यावे. चौथे, ज्या दोन घरांत पाण्यावरून अबोला आहे, तेथे वडिलांनी मृग लागण्याआधी जाऊन समेट करावा. पाचवे, सुटीत शहराहून आलेल्या मुलांस गावच्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसवून शास्त्रातील गोष्टी शिकवाव्यात.

चर्चेकरिता प्रश्न

1. अब्राहामाने पाहुण्यांस काय देऊ केले व काय दिले? ह्या दोहोंतील फरकावरून आपण काय शिकतो?
2. प्रभु येशूने पाणी देण्याआधी पाणी का मागितले असावे?
3. आपल्या गावच्या पाणवठ्याचा पूर्वीचा इतिहास कोणास ठाऊक आहे? तो मुलांस सांगितला आहे काय?
4. पेत्र यापोत शिकलेला धडा अंत्युखियास कोणत्या भीतीने विसरला? तशी भीती आपणांस कोणाची वाटते?
5. आपल्या गावात ह्या घटकेस उन्हात उभा आहे असा मनुष्य कोण?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सभेत मोठ्याने देण्याची गरज नाही. ज्यास ते सुचेल त्याने घरी जाताना त्या मनुष्याच्या दारावरून जावे. ऋतू देवाचा आहे, पाणी देवाचे आहे, आणि आपण सर्व त्याच्याच घरचे पाहुणे आहो. मृगाचा पाऊस पडेपर्यंत अवकाश थोडा आहे. तोवर आपली सावली कोणाच्या तरी उपयोगी पडो, हीच आमची प्रभूपाशी प्रार्थना.